नाँतच्या बाळराजाचं सिंहासन

मित्रांनो, सिंहासन म्हटलं की तुम्हाला सोनं, माणकं आणि दोन्ही बाजूंना जबडा उघडलेले सिंह आठवत असतील. माझ्याकडे यातलं काही नाही. मी प्लायवूडचा आहे. माझी गादी मोटारीच्या सीटमधून उरलेल्या फोमची आहे आणि तिच्यावरची लाल मखमल कुणाच्या तरी जुन्या पडद्याची आहे. माझा मुक्काम सध्या मिशिगन राज्यातल्या नोव्हाय गावी, सौमित्र काकांच्या गॅरेजमध्ये, बर्फ उडवायचं यंत्र आणि रस्त्यावर टाकायच्या मिठाची पोती यांच्या मधोमध आहे. वय विचाराल तर मला एक वर्षही पुरं झालेलं नाही. पण एवढ्यात जे पाहिलं, त्याने मी पुरता म्हातारा झालो. त्यामुळे कुणी मला जुनं सिंहासन म्हटलं तर मला राग येत नाही.

राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. मी स्वभावाने थोडा तिरसट झालो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गोड गोड बोलणं ऐकायचं असेल तर शेजारच्या मिठाच्या पोत्याकडे जा.

माझा जन्म ऐन उन्हाळ्यात झाला. सौमित्र काका मोटारींच्या सीट डिझाइन करतात. माणूस बसला की त्याची मांडी कुठे टेकते, पाठीला आधार कुठे लागतो, पाय जमिनीला नीट पोचतात की नाही, या विचारात त्यांची सारी हयात गेली. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी ते आधी खुर्ची हलवून बघतात आणि मग बसतात. अशा माणसाने मला बनवायला घेतलं, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

मला बनवायला सांगितलं ते देवयानीने. ती मूळची सांगलीची, जवळच्याच विद्यापीठात पीएचडी करते. विषय आहे मध्ययुगातला फ्रान्स. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आली की तिला सगळे विचारतात, "यात पुढे जॉब मिळतो का गं?" ती हसते आणि आणखी एक सामोसा घेते. मंडळाची दिवाळीची बालनाट्यं जे काका लिहायचे, ते टेक्सासला फ्रिस्कोला राहायला गेले. म्हणून या वर्षी नाटक लिहायचं काम देवयानीकडे आलं. सगळ्यांना वाटलं होतं, ती गड, मावळे आणि घोडे असं काहीतरी लिहील. तिने लिहिलं नाँतच्या काउंटीबद्दल.

"काका, काउंटी म्हणजे आपली ओकलंड काउंटी नव्हे हं, टॅक्स भरायची," ती रंगाच्या उलट्या डब्यावर बसून सांगत होती. "ही खरीखुरी. एक मुलूख, आणि त्याचा मालक तो काउंट."

सौमित्र काका करवत चालवत होते, ती बोलत होती आणि मी तुकड्यातुकड्यांनी ऐकत होतो. तेव्हा मला पाय होते पण पाठ नव्हती. तिने सांगितलेली गोष्ट मी तुम्हालाही सांगतो, कारण ती कळल्याशिवाय माझं दुःख तुम्हाला कळायचं नाही.

फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेला एक प्रांत आहे, त्याचं नाव ब्रिटनी. तिथे लुआर नदीच्या काठी नाँत शहर आहे. हजार वर्षांहून अधिक काळ झाला, उत्तरेच्या समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी ते शहर बळकावलं. तिथला राजवंश परागंदा झाला. त्या वंशातला अलाँ नावाचा मुलगा इंग्लंडमध्ये परक्यांच्या आश्रयाला वाढला. त्याची दाढी वाकडी होती, म्हणून लोक त्याला वाकडदाढ्या म्हणायचे. मोठा झाल्यावर तो जहाजांतून परत आला, लुटारूंना हुसकावलं आणि शहरात शिरला. बघतो तर मोठ्या चर्चचं छप्पर गेलेलं आणि आत काटेरी झुडपांचं रान माजलेलं. आत जायला त्याला तलवारीनेच वाट काढावी लागली, असं एका जुन्या बखरीत लिहिलं आहे.

या अलाँला पुढे एक मुलगा झाला. त्याचं नाव ड्रोगो. मूल अजून मांडीवरचं असतानाच अलाँ आजारी पडला. आपण वाचत नाही हे कळल्यावर त्याने सगळ्या सरदारांना बोलावलं आणि पोराशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला लावली. सांभाळ करायला पोराचा सख्खा मामा नेमला. ब्ल्वा नावाच्या मुलखाचा काउंट होता तो, थिबो त्याचं नाव. एवढी व्यवस्था लावून अलाँ समाधानाने गेला.

मामाने काय केलं? त्याने विधवा बहिणीचं लग्न शेजारच्या आंजूच्या काउंटशी लावून दिलं, आणि भाचा व नाँतचा कारभारही त्याच्याच हवाली केला. या शेजाऱ्याचं नाव फुल्क. इतिहासात त्याला 'सज्जन फुल्क' म्हणतात, हे ऐकून सौमित्र काका पोट धरून हसले होते. पोर मोठं झालं असतं तर नाँत फुल्कच्या हातातून गेलं असतं. म्हणून त्याने दाईला फितवलं आणि आंघोळीच्या वेळी पोराचा जीव घेतला, असं बखर म्हणते.

"बखर लिहिणारा फुल्कचा वैरीही असेल," देवयानी म्हणाली. "खरं-खोटं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण पोर गेलं, आणि शपथ घेतलेल्या एकाही सरदाराने 'कसं गेलं' म्हणून विचारल्याचं मला कुठे सापडलं नाही. पुढे मग पोराचे सावत्र भाऊ, शेजारच्या रेन शहराचा काउंट कोनान, असे सगळे नाँतवर तुटून पडले. कुणाला दग्याने मारलं, कोण लढाईत मेलं. त्या सगळ्यांवर पानंच्या पानं आहेत. या पोरावर चार ओळी. मला ते टोचतं, काका."

नाटकाचा शेवट तिने असा लिहिला होता. दाई बाळराजाला आंघोळीसाठी हाताला धरून आत घेऊन जाते. सिंहासन रिकामं राहतं. शपथ घेतलेले सरदार एकेक करून येतात, रिकाम्या सिंहासनाकडे बघतात, काही विचारत नाहीत आणि निघून जातात. शेवटी रंगमंचावर कुणीच नाही. प्रकाश फक्त माझ्यावर. मग पडदा.

मित्रांनो, मला तोंडपाठ करायला एक वाक्य नव्हतं आणि तरी नाटकाचा शेवट माझा होता! कुठल्या लाकडाच्या नशिबी असं येतं? मी त्या क्षणासाठी जगू लागलो. एका विसरलेल्या पोराची आठवण सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आहे, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

माझ्या मापावरून मात्र वाद झाला. ड्रोगोचं काम आठ वर्षांच्या रुहीला दिलं होतं. ती समोरच्याच घरात राहते, चणीने लहान आहे आणि बोलायला फटकळ आहे. सौमित्र काकांनी तिला उभं करून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. देवयानी म्हणाली, "माप नको, काका. खुर्ची मोठीच हवी. पोर तिच्यात हरवायला हवं. पाय लोंबकळले पाहिजेत."

"अगं, मी आयुष्यभर लोकांचे पाय टेकवलेत," काका म्हणाले. "आता मुद्दाम चुकीची सीट बनवू?"

"एकदाच बनवा."

काकांनी पट्टी खिशात घातली. मग त्यांनी माझे पाय उंच ठेवले, हात रुंद ठेवले आणि पाठ चांगली त्यांच्या डोक्यावर जाईल एवढी केली. काम झाल्यावर रुहीला बसवलं. तिचे बूट जमिनीपासून खूप वर राहिले. तिने पाय हलवले आणि म्हणाली, "इट्स लाइक अ बोट." काका दोन पावलं मागे सरले, त्यांनी मान तिरकी केली आणि हळूच म्हणाले, "बरोबर आहे तुझं, देवयानी. आता कळलं." माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता.

सप्टेंबरात देवयानीला नाँतला जावं लागलं. तिथल्या दप्तरखान्यात तिला जुने कागद वाचायचे होते आणि ती डिसेंबरपर्यंत परतणार नव्हती. नाटक अर्धवट टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. जाण्याआधी ती गॅरेजमध्ये आली, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष अनिल काका आणि कमिटीची मंडळीही तिथे होती. अनिल काका म्हणजे उत्साहाचं दुसरं नाव. प्रत्येक वाक्याला ते कुणाच्या तरी पाठीवर थाप मारतात.

"तू निश्चिंत जा," ते म्हणाले. "धिस प्ले इज माय रिस्पॉन्सिबिलिटी नाऊ. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

"शपथ?" देवयानीने हसत विचारलं. "नाँतच्या सरदारांसारखी?"

मग गंमतच झाली. कमिटीतल्या सगळ्यांनी रांग लावली, एकेकाने माझ्या उजव्या हातावर हात ठेवला आणि नाटकातली शपथ मोठ्याने म्हटली. 'बाळराजाचं जे आहे ते बाळराजालाच मिळेल, आम्ही जिवंत असेपर्यंत.' हशा, टाळ्या, फोटो. सौमित्र काका शेवटी आले. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "तू जा गं. मी आहे इथे."

मी त्या तळव्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? त्याच तळव्याने माझी प्रत्येक कड घासून गुळगुळीत केली होती.

पहिले काही आठवडे मजेत गेले. शनिवारी सकाळी मुलं यायची. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी वाचताना त्यांची बोबडी वळायची. फुल्कचं काम वीर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा करत होता. तो इतका गुणी होता की दुष्टपणा करताना आधी 'सॉरी' म्हणायचा. आलेगेले लोक माझ्याभोवती फिरून बघायचे. "काय सिंहासन आहे हो!" "असं लग्नाला मिळेल का?" मी वरकरणी शांत असायचो, पण मनातून फुगलेला असायचो. तालीम लांबली की रुही माझ्या कुशीत पाय पोटाशी घेऊन झोपून जायची. तिच्या केसांतल्या क्लिपचा एक ओरखडा माझ्या पाठीवर अजून आहे. तो मला दागिन्यासारखा वाटतो.

शेवटचा प्रसंग अगदी शेवटी बसवायचा ठरला होता. ऑक्टोबरात तो पहिल्यांदा वाचला, त्या दिवशी रुहीची आई मालिनी तिला न्यायला लवकर आली. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. तालीम संपली, मुलं बाहेर खेळायला गेली आणि मालिनी थेट अनिल काकांसमोर आली.

"अनिल, हे काय आहे? तिला आंघोळीला नेतात आणि मारतात?"

"अगं, तो इतिहास आहे. दाखवणार नाही आहोत आपण काही."

"दाखवा नाही तर नका दाखवू. नरकचतुर्दशीला मी पहाटे तिला उठवते, तेल लावते, उटणं लावते, ओवाळते. इथे थंडीने हात गोठतात, तरी एकही वर्ष चुकवलं नाही. आणि त्याच आठवड्यात ती स्टेजवर आंघोळीला जाऊन मरणार? मला नाही चालणार. आय ॲम सॉरी."

तिचे डोळे भरून आले होते. मित्रांनो, मालिनीवर मी कधीच रागावलो नाही. तिने माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली नव्हती. ती आई आहे आणि आईसारखी बोलली. माझा राग बाकीच्यांवर आहे.

मग गॅरेजमध्येच मीटिंग झाली. कुणीतरी दिवाळीच्या चिवड्याचं सॅम्पल आणलं होतं, ते खात खात बोलणं झालं. मंडळात तेव्हा दोन तट पडले होते. काही मंडळी फुटून वेगळं मंडळ काढायच्या बेतात होती आणि डिसेंबरात निवडणूक होती. अनिल काकांना त्याची धास्ती होती.

"मालिनीचा पॉइंट व्हॅलिड आहे," ते म्हणाले. "दिवाळीत अशुभ नको यार. लोक रडत घरी गेले तर उद्या ती दुसरी गँग म्हणेल, बघा, यांना साधा प्रोग्रॅम जमत नाही. मी काय म्हणतो, पोरगा वाचतो. फुल्क सुधारतो. शेवटी नाँतमध्ये दिवाळी, आणि सगळ्या मुलांचा एक ग्रुप डान्स. पेरेंट्स खूश."

"नाँतमध्ये दिवाळी?" कुणीतरी विचारलं.

"अरे, दिवे तर लावत असतील ना तिकडे!"

सगळे हसले. सौमित्र काका हसले नाहीत. ते म्हणाले, "देवयानीला एकदा विचारायला हवं." माझा जीव भांड्यात पडला.

"विचारलं तर ती नाही म्हणेल, सौमित्रदादा," अनिल काका म्हणाले, "मग उगाच प्रॉब्लेम. ती बिझी आहे तिकडे. झाल्यावर सांगू. शी विल अंडरस्टँड. चला, हात वर करा, कोण कोण फेव्हरमध्ये?"

एकेक हात वर गेला. तेच हात होते ते, माझ्यावर ठेवलेले. मी फक्त एका हाताकडे बघत होतो. तो त्यांच्या मांडीवर होता. काकांनी चिवड्यातला एक शेंगदाणा उचलला, बशीत परत ठेवला, इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांचाही हात वर गेला. कोपरात वाकलेला, अर्धवट, पण वर गेला.

आणि माझे हाल इथेच थांबले नाहीत. डान्समध्ये रुहीला माझ्यावरून उडी मारून उतरायचं होतं. उंची जास्त होती, पडली असती. शिवाय कुणीतरी म्हणालं, तिचे पाय लोंबकळतात, ते बरं दिसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी काकांनी मला आडवा पाडला, पेन्सिलीने खुणा केल्या आणि माझे चारही पाय कापले. मला बनवणाऱ्या माणसाने, माझ्याच जन्माच्या करवतीने. मग सोनेरी रंगाचे दोन हात दिले. त्यांनी मला उभा केला, रुहीला बसवलं, तिचे पाय छान जमिनीला टेकले. काका खाली वाकून बघत राहिले आणि सवयीने पुटपुटले, "आता परफेक्ट."

मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. करवतीने दुखलं नाही तेवढं त्या एका शब्दाने दुखलं.

रंग ओला असतानाच त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. त्यांनी फोन माझ्या हातावर उभा केला, असा की तिला फक्त त्यांचा चेहरा दिसावा.

"काका! कसे आहात? आज मला एक कागद मिळाला, त्याबद्दल तुम्हाला सांगायचंय नंतर. तालीम कशी चाललीय?"

"मस्त. एकदम मस्त."

"आणि सिंहासन?"

"उत्तम आहे."

"शेवटचा सीन बसला?"

काकांनी माझ्या कापलेल्या पायांकडे पाहिलं. लाकडाचे चार तुकडे तिथेच पडले होते. "बसतोय," ते म्हणाले. "बसतोय हळूहळू. तू काळजी करू नकोस."

"तुम्ही आहात म्हणून नाहीच करत," ती म्हणाली, आणि तिकडे उशीर झाला होता म्हणून फोन बंद केला. तिचं ते वाक्य ऐकून काकांचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं. त्यांना पुन्हा फोन लावता आला असता. त्यांनी फोन खिशात टाकला आणि कुंचला धुवायला घेतला.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. सगळे नटूनथटून आले होते. नाटक छान झालं, हे मला कबूल करायलाच हवं. वीर फुल्क म्हणून गुडघे टेकून रडला, ड्रोगोने त्याला लाडू दिला, आणि लगेच गाणं सुरू झालं. तीस-चाळीस पोरं माझ्याभोवती नाचली. रुहीने उडी मारली तेव्हा सभागृह उभं राहिलं. मालिनी टाळ्या वाजवत रडत होती. जिथे अंधार आणि शांतता असायला हवी होती, तिथे रंगीत कागदांचे तुकडे उडत होते. माझ्या गादीवर कुणाचा तरी कुर्ता टाकलेला होता.

भाषणात अनिल काकांनी देवयानीचे आभार मानले. "व्हॉट अ ब्युटिफुल स्क्रिप्ट," असं म्हणाले. मग माझ्यासोबत फोटो काढायला ही रांग! काक्यांनी शालू सावरत काढले, कॉलेजच्या मुलींनी पाय वर घेऊन काढले. त्या फोटोंत मी सगळीकडे आहे आणि एकाही फोटोत ड्रोगो नाही. डिसेंबरात निवडणूक झाली, अनिल काका पुन्हा अध्यक्ष झाले. मंडळ फुटलं नाही. सगळं सुरळीत झालं.

फक्त देवयानीला कुणी सांगितलं नाही. 'झाल्यावर सांगू' म्हणणारे झाल्यावर विसरले. तिला कळलं ते ग्रुपवर आलेल्या व्हिडिओवरून.

ती परत आली तेव्हा नोव्हायमध्ये गुडघाभर बर्फ होता. काका गॅरेजचं दार उघडून बर्फाचं यंत्र बाहेर काढत होते. ती थेट आत आली. तिच्या हातात त्यांच्यासाठी आणलेला बिस्किटांचा डबा होता, तो तिने पोत्यावर ठेवला. मग माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हातमोजा काढून माझ्या कापलेल्या पायावरून बोट फिरवलं. तिथे रंग लावायचा राहून गेला होता.

"हे कधी, काका?"

"ऑक्टोबरात. अगं, रुहीचे पाय लोंबकळत होते. सीट म्हणून ते चूकच होतं."

"ते चूकच असायला हवं होतं. तुम्हाला कळलं होतं ते."

काका यंत्राच्या दांड्याशी चाळा करत राहिले. "सगळ्यांचं म्हणणं पडलं. दिवाळी होती. मालिनीचंही काही खोटं नव्हतं. मी एकटा काय करणार होतो?"

"मालिनीताईंवर माझा राग नाही. मला एक फोन केला असता तर मी आंघोळ काढून टाकली असती. रुहीच्या जागी मोठं कुणी घेतलं असतं. दिवाळीनंतर नाटक केलं असतं. रिकामं सिंहासन तेवढं ठेवायचं होतं हो मला." तिचा आवाज चढला नाही. "त्यांनी नाही विचारलं, जाऊ दे. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही 'बसतोय' म्हणालात."

"तुला तिकडे एकटीला वाईट वाटलं असतं."

देवयानी उभी राहिली. "नाँतला मी तीन महिने हेच शोधत होते," ती म्हणाली. "शपथ घेतलेली एवढी माणसं गप्प का बसली. मला वाटायचं, लाच घेतली असेल, भ्यायले असतील, काहीतरी मोठं कारण असेल. त्यांचंही असंच असणार, काका. दिवाळीसारखं काहीतरी असेल. कुणाला वाईट वाटू नये म्हणून."

काकांनी यंत्राच्या टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. पण मला वाटलं, आता ते 'चुकलो' म्हणतील. मी वाट पाहिली.

तेवढ्यात समोरून बर्फ तुडवत रुही धावत आली. गळ्यात लांब मफलर, गाल लाल झालेले. "देवयानीताई! मी किंग होते! तू व्हिडिओ पाहिलास?" ती माझ्यावर चढून बसली. पाय अगदी नीट टेकले. मग तिला काहीतरी आठवलं. "वेट. ड्रोगो खरा होता ना? रिअल?"

"हो, खरा होता," देवयानी म्हणाली.

"सो व्हॉट हॅपन्ड टू हिम? आफ्टर द डान्स?"

देवयानी तिच्याशेजारी वाकली. "ते मी आधी तुझ्या आईला विचारते, आणि ती हो म्हणाली की तुला सगळं नीट सांगते. चालेल?"

तिने विचारायचं ठरवलं, मित्रांनो. जे तिच्यासाठी कुणी केलं नव्हतं, ते तिने त्या माउलीसाठी केलं. मला तिचा एवढा अभिमान वाटला! पण काकांना ते सोसवलं नाही. ते घाईघाईने पुढे आले, रुहीची टोपी सारखी केली आणि हसून म्हणाले, "अगं, त्यात आईला काय विचारायचं? मोठा झाला तो. चांगला धिप्पाड राजा झाला."

"आय न्यू इट!" रुही ओरडली आणि बर्फात पळाली.

देवयानीने काकांकडे पाहिलं. मग हातमोजा घातला आणि निघून गेली. काकांनी यंत्र सुरू केलं. आवाज एवढा मोठा झाला की त्यात दुसरं काही ऐकू येईना. डबा अजून पोत्यावरच आहे. माझ्यावर आता एक जुनी चादर टाकलेली असते, मार्चमधल्या फॅशन शोसाठी माझा पुन्हा नंबर लागला आहे.

अशा गोष्टींच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू काळजी घ्यायची विनवणी करतात. मला पुसा, रंग द्या, अडगळीत टाकू नका. मला यातलं काही नको. लाकूड पुष्कळ मिळतं. माझी विनवणी एवढीच आहे की कुणी आपली वस्तू तुमच्या भरवशावर ठेवून दूर गेलं, तर ती बदलण्याआधी त्याला विचारा. तो नाही म्हणेल अशी भीती वाटली, तर नक्कीच विचारा. आणि ज्या पोराला सांभाळायचं काम मला दिलं होतं आणि मला करू दिलं नाही, त्याला आता तुम्ही सांभाळा. नाँतचा ड्रोगो मोठा झाला नाही. तो रुहीपेक्षाही लहान असताना गेला, आणि कुणी काही विचारलं नाही.